दानियलभाऊंची म्हैस

दानियलभाऊ रंगारी प्रार्थनेत हात वर करायचे. तो देवासाठी नसे, वाचणाऱ्याला थांबवण्यासाठी असे.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि आम्हा ख्रिस्ती मंडळींचं चर्च अजून उभं राहायचं होतं. रविवारी खुर्सीपारजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्या टाकायच्या, एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका. मंडळी सगळ्या मुलखांतली, म्हणून बायबल हिंदीत. वाचायचे मसीहदास गुरुजी, बिलासपूरकडचे, फार सोशिक माणूस. तो सोशिकपणा देवानं त्यांना दानियलभाऊंसाठीच दिला असावा.

दानियलभाऊ भंडाऱ्याकडचे, कामावर रिगर. गर्डरला दोर बांधायचा आणि क्रेनवाल्याला हातानं खुणा करायच्या: उचल, थांब, हळू सोड. त्या गोंगाटात बोललेलं ऐकूच येत नाही. आठवडाभर गप्प राहावं लागतं त्याची भरपाई रविवारी करतात, असं आम्ही समजून होतो. मी ड्रॉइंग ऑफिसातला, आणि माझ्या नशिबानं सतरंजीवर त्यांच्या शेजारी.

गुरुजींनी 'विश्वास' शब्द वाचला की हात वर.

"हे नाई जमत, गुरुजी. विश्वास अर्जाच्या खाली लिवतेत, आपला विश्वासू म्हनून. आमच्याकडे भरोसा म्हनतेत. डोक्यावरून गर्डर जाऊन राहिला अन् खाली मानूस बिडी पेटवून राहिला, त्याले म्हनतेत भरोसा."

"उसे लापरवाही कहते हैं, रंगारी जी," गुरुजी म्हणाले.

दानियलभाऊंवर परिणाम शून्य. ते अख्खं वचन आपल्या बोलीत मोठ्यानं म्हणाले आणि मगच बसले. मला मात्र तो शब्द आठवडाभर पुरला. विश्वास माझ्याकडे होताच, भरोसा आहे का हे बघायला मी गर्डरखाली गेलो नाही.

मग हरवलेल्या मेंढराची गोष्ट आली. मेंढपाळ बाकीची मेंढरं सोडून त्या एकाला शोधतो आणि खांद्यावर घेऊन घरी येतो, ती. दानियलभाऊंचं म्हणणं, मेंढरू इथं पाहिलंय कोणी? शेळी म्हणा. गुरुजींनी समजावलं की शास्त्रात शेळ्यांची गत काही बरी नाही, न्यायाच्या दिवशी त्यांना डावीकडे उभं करतात. दानियलभाऊ विचारात पडले. पुढच्या रविवारी तोडगा घेऊन आले.

"मंग म्हैस करा."

"भैंस को कंधे पर कौन उठाएगा?"

"क्रेन कायले आहे?"

त्या दिवशी वाद इतका रंगला की सेकंड शिफ्टवाले प्रार्थनेआधीच उठून गेले. शेवटी गुरुजींचाही बांध फुटला. वाचन चालू असताना कोणीही बोलायचं नाही, असा नियम झाला. सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

दानियलभाऊंनी नियम पाळला. तोंडातून शब्द नाही. पण पुढच्या रविवारी त्यांचा हात मांडीवर काहीतरी करत होता. बोट वर फिरायचं, मूठ मिटायची, तळवा हळूहळू खाली यायचा. मला वाटलं, माणूस कामानं खुळावला. मग त्यांची नजर कुठे आहे ते पाहिलं. पलीकडे बायकांच्या सतरंजीच्या टोकाला त्यांची बायको, सरूबाई, त्या हाताकडे टक लावून बसली होती. मूठ मिटली की कपाळाला आठी. तिला काही उमगत नव्हतं.

परतताना मी विचारलं. 

"तिले हिंदी समजत नाई," ते म्हणाले. "माह्या बायकोसाठी मराठीत सांगा म्हटलं असतं, तं बायका हासल्या असत्या तिले. मले हासले तं चालते. आता क्रेनच्या खुना करून पाहतो. पन खुनेत देव नाई सांगता येत."

"आणि म्हैस कशाला?"

"तिची म्हैस होती, माहेरची. इकडं येताना इकली. अजून रडते. म्हटलं, मेंढराचं तिले काय? म्हैस हरपली म्हटलं तं तिले बरोबर समजते देव कसा शोधते ते."

मला फार वाईट वाटलं. मी गुरुजींच्या कानावर घातलं. ते नुसतं "अच्छा" म्हणाले.

रविवारी गुरुजींनी तीच मेंढराची गोष्ट पुन्हा काढली. वाचता वाचता थांबले, चष्मा पुसला.

"यहाँ मुझे ही शंका है. रंगारी जी, आपके यहाँ इसे कैसे कहते हैं?"

दानियलभाऊ आधी बसूनच राहिले. नियम म्हणजे नियम. मी कोपरानं ढोसलं तेव्हा उठले, आणि गुरुजींकडे न बघता पलीकडच्या सतरंजीच्या टोकाकडे बघून सांगू लागले.

"एका मानसाची म्हैस हरपली होती. बाकीच्या सोडून तो तिच्याच मागं रानोरान फिरला. भेटली. रागावला नाई. खांद्यावर घेऊन घरी आनली."

सरूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेडमध्ये सेकंड शिफ्टवालेही बसून होते. म्हैस खांद्यावर कशी मावली, हे कोणी विचारलं नाही.