निंबाआप्पांची गाठ आणि सतरा तासांची फाइल

घराची प्रगती मोजायची असेल तर त्या घरातली एखादी गोष्ट एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर किती वेळात पोहोचते ते बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हाक लगेच पोहोचते. फोडणीचा वास हाकेच्या आधी पोहोचतो (शेजारी तर घरच्यांच्याही आधी). डिंडोलीतल्या निंबाआप्पांच्या घरात मात्र साडीच्या डिझाइनची एक फाइल दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर यायला सतरा तास लागत होते. उंची बावीस फूट. म्हणजे ताशी सव्वा फूट. हा वेग मी स्वतः काढला आहे आणि दोनदा तपासला आहे.

मी लक्ष्मण, आप्पांचा शेजारी. एका मराठी शाळेत एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. आमच्या गल्लीत काहीही बिघडलं की समिती नेमतात, आणि समिती नेमली की इतिवृत्त लिहायला मला बोलावतात. बाकीचे बोलतात, मी लिहितो. जे मी लिहीत नाही ते झालेलंच नसतं, हे गल्लीला आता मान्य आहे.

प्रकरणाची पार्श्वभूमी अशी. आप्पांचं घर बारा फूट रुंद आणि तीन मजली. वरच्या मजल्यावर उजेड चांगला म्हणून तिथे सून उज्ज्वला हिचा कॉम्प्युटर. त्यावर ती साड्यांची डिझाइनं काढते. तळमजल्यावर आप्पांचा मुलगा योगेंद्र याचा कॉम्प्युटर. तो त्या डिझाइनचे रंग वेगवेगळे करून पलसाण्याच्या मिलला पाठवतो, कारण इंटरनेट तळमजल्यावरच येतं आणि वायफाय जिन्याच्या पहिल्या वळणावर दमून बसतं. दोन्ही कॉम्प्युटरांना जोडणारी एक निळी केबल जिन्याने खाली उतरते.

आता कळीचा मुद्दा. उज्ज्वला आधी घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. त्या गोंदाने तिला खोकला लागायचा. डिझाइनचा क्लास करून ती कॉम्प्युटरवर बसली तेव्हा सासूबाई धुरपदाबाईंनी ठराव केला होता की, एक वर्ष देते. वर्षात एक तरी डिझाइन मिलमध्ये छपाईला गेलं तर ठीक, नाहीतर कॉम्प्युटर विकायचा आणि टिकल्यांचा डबा खाली काढायचा. वर्ष शनिवारी संपत होतं. मिलने एक डिझाइन पसंत केलं होतं आणि पूर्ण मापाची फाइल शनिवारी दुपारी बाराच्या आत मागितली होती. सोमवारी उज्ज्वलाने फाइल खाली पाठवायला घेतली आणि पडद्यावर 'सतरा तास' असं आलं. अर्ध्या तासाने ती तुटलीही.

सोमवारीच समिती स्थापन झाली. अध्यक्ष निंबाआप्पा (वयाने), सदस्य योगेंद्र (नाइलाजाने), सचिव मी. उज्ज्वला समितीत नव्हती, कारण तिला त्या वेळी चहा ठेवायचा होता.

पहिल्याच बैठकीत ठराव क्रमांक एक मंजूर झाला. पेन ड्राइव्हमध्ये फाइल घालून ती हातात धरून जिन्याने खाली आणू नये. कारण तसं केल्यास वायरीवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, आणि शिवाय मग समिती कशाला नेमली, असा प्रश्न उभा राहील.

त्यानंतर समितीने जो कामाचा धडाका लावला तो बघून मला माझ्या नोकरीतले परीक्षेचे दिवस आठवले. दोन्ही कॉम्प्युटर बंद करून चालू केले, एकूण सव्वीस वेळा. खालच्या कॉम्प्युटरवरचा दसऱ्याचा हार उतरवला. फ्रिज बंद केला (वेगात फरक नाही, दूध नासलं). खालचा कॉम्प्युटर दक्षिणेकडून उठवून पूर्वेकडे तोंड करून बसवला, आणि त्याच्यासमोर योगेंद्रला बसायला जागा उरली नाही म्हणून तो उभा राहून काम करू लागला. योगेंद्रने वायरी जोडायचा आठ दिव्यांचा नवा डबा आणला. त्यात खालच्या कॉम्प्युटरचा दिवा हिरवा लागला आणि वरून येणाऱ्या निळ्या केबलचा केशरी. केशरी रंग शुभ असतो, अशी नोंद घेण्यात आली.

मग आप्पांनी एक मूलभूत शंका काढली. फाइल वरून खाली येते, म्हणजे उतारावर असूनही ती इतकी हळू कशी? समितीने लगेच एक फाइल खालून वर पाठवली. पडद्यावर तिलाही तेवढाच वेळ दिसला. त्यावरून वेगाचा चढ-उताराशी संबंध नाही हे सिद्ध झालं. एवढं शास्त्रशुद्ध काम मी सरकारी कचेरीतही पाहिलेलं नाही.

आता त्या केबलविषयी थोडं सांगायला हवं. दिवाळीत मधल्या मजल्यावर फळी ठोकताना ड्रिल केबलमध्ये घुसलं आणि केबल तुटली. आप्पांनी सचिन नावाच्या जवळच्या गावातल्या कारखान्यांत चाळीस वर्षं माग चालवले आहेत. मागावर धागा तुटला की कारागीर माग सोडून कुणाला शोधायला जात नाही, तिथल्या तिथे गाठ मारतो आणि माग चालू करतो. आप्पांची गाठ तर अशी की शेठ पाहुण्यांना दाखवायला आणायचे. केबल तुटलेली दिसताच त्यांनी आतल्या तारा दाताने सोलल्या आणि मागावरची गाठ मारली. आत आठ तारा होत्या. चार जोडल्यावर कॉम्प्युटरवरचा केबलचा दिवा लागला, तेव्हा उरलेल्या चार जादा आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. आमची पिढी काही वाया घालवत नाही. त्यातल्या दोन तारांवर त्यांनी दाराची घंटी बसवली, सेलवर चालणारी. घंटी फार छान वाजते.

दुसऱ्या बैठकीत चहाचे कप ठेवता ठेवता उज्ज्वला म्हणाली, "आप्पा, ती मधली गाठ काढून सलग नवी वायर टाकली तर?"

आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "मनी गाठ शे ती. चाळीस वरीसमा एक बी सुटनी नही."

सुटली नव्हतीच. त्यामुळे पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं, 'चहा आला. चहा बरा होता.'

बुधवारी योगेंद्रने बाहेरच्या एका गुजराती जाणकाराला आणलं. तो जिना चढला, गाठ बघितली, आणि चार मिनिटांत म्हणाला, "काका, आठमांथी चार ज वायर जोडेला छे. आखो केबल बदली नाखो." समितीने त्याला पाणी दिलं आणि त्याची पात्रता तपासली. धंद्यात सहा वर्षं, मागाचा अनुभव शून्य. अख्खी केबल बदला, हे त्याचं म्हणणं दोन विरुद्ध शून्य मतांनी फेटाळलं गेलं. योगेंद्र तटस्थ राहिला, कारण त्याच्या तोंडात भजं होतं.

गुरुवारी मात्र समितीला खरा शोध लागला. घंटी वाजली की फाइल तुटते. मी दिवसभर वही घेऊन दारात बसलो. घंटी अडतीस वेळा वाजली. त्यातल्या एकवीस वेळा पोरांनी वाजवून पळ काढला, सहा वेळा सेल्समन, बाकीचे नातेवाईक. दोष लोकांचा आहे हे उघड झालं. मी वळणदार अक्षरात पाटी लिहून दारावर लावली, 'घंटी वाजवू नये. फाइल चालू आहे.' समोरच्या सखुबाईंना वाटलं घरात कुणी आजारी आहे. त्या दोन दिवस मऊ खिचडीचा डबा देऊन गेल्या. खिचडी समितीने संपवली.

पाटी लागल्यावर शुक्रवारी पहाटे फाइल सुसाट निघाली, म्हणजे ताशी सव्वा फुटाने, पण न तुटता. रात्री आठला एक्क्याण्णव टक्के झाले. आम्ही तिघे पडद्यासमोर श्वास रोखून बसलो होतो. योगेंद्र तर उभाच होता. एक्क्याण्णवाचे ब्याण्णव होणार तेवढ्यात घंटी वाजली.

दारात धुरपदाबाई होत्या. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, म्हणून त्यांनी कोपराने घंटी दाबली होती. त्यांना वाचता येत नाही, ही बाब समितीने विचारात घेतलेली नव्हती. पाटीवर काय लिहिलंय ते कुणीतरी त्यांना सांगितलं. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि त्या पायरीवरच बसल्या. आता पुन्हा सतरा तास म्हणजे शनिवारचे बारा उलटणार होते.

उज्ज्वला वर गेली आणि माळ्यावरचा टिकल्यांचा डबा काढून पुसत बसली. गोंदाची बाटली वाळली आहे का तेही तिने बघून घेतलं. थोड्या वेळाने वरून खोकल्याचा आवाज आला. मला फार वाईट वाटलं, हे मी इथे सरळ लिहितो. इतिवृत्तात त्यासाठी रकाना नव्हता.

शनिवारी सकाळी साडेअकराला गल्लीत भाजीची गाडी आली. आमच्याकडे भाजी घ्यायची पद्धत म्हणजे वरच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडायची. धुरपदाबाई वर गेल्या, उज्ज्वलासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ती काय काडी ऱ्हास ना तुम्हनी, तिमा भर." मग गॅलरीतून वाकून त्यांनी आप्पांना हाक मारली, "ही कोथमीर चांगली नही. बाजारातनी लई या."

आप्पा निघून गेले. अध्यक्ष अनुपस्थित असल्याने गणसंख्या पूर्ण होत नव्हती, आणि गणसंख्या नसताना ठराव क्रमांक एक लागू राहतो की नाही याबद्दल नियमांत संदिग्धता आहे. मी ती संदिग्धता मोठ्याने वाचत असतानाच टोपली माझ्या नाकासमोरून खाली गेली. तिच्यात दोन वांगी आणि एक पेन ड्राइव्ह होता. योगेंद्रने तो घेतला. (वांगी भाजीवाल्याने परत घेतली, ती किडकी निघाली होती.)

पेन ड्राइव्ह भरण्यापासून खाली उतरेपर्यंत चार मिनिटं. म्हणजे टोपलीचा वेग वायरीच्या दोनशे पंचावन्न पट. बाराला आठ मिनिटं कमी असताना पलसाण्याहून फाइल मिळाल्याचा निरोप आला. योगेंद्र पाच दिवसांत पहिल्यांदा खाली बसला. वर गॅलरीत सासू आणि सून दोघी हसत होत्या. धुरपदाबाईंनी टिकल्यांचा डबा टोपलीत ठेवून खाली सोडला आणि तो कुणालाही देऊन टाका म्हणाल्या.

आप्पा कोथिंबीर घेऊन परतले. फाइल गेली, एवढंच त्यांना सांगितलं. ते मधल्या मजल्यावर गेले, आणि त्यांनी गाठीवरून हात फिरवला. कशी गेली ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. समितीच्या अंतिम अहवालात वेग दोनशे पंचावन्न पट वाढल्याचं नमूद आहे. आकडा खरा आहे. गल्लीतल्या चार घरांनी त्यानंतर आपल्या केबली कापून आप्पांकडून गाठी मारून घेतल्या.

वीस दिवसांनी मिलमधून साडी छापून आली. समितीची विशेष बैठक झाली. आप्पांनी कापड चिमटीत धरून धाग्याची वीण तपासली आणि पसंत केली. योगेंद्रने कडेचा रंग बरोबर आल्याचं सांगितलं. मी साडीची लांबी मोजून लिहून घेतली. मांडे झाले होते, ते सगळ्यांनी दोनदा घेतले.

उज्ज्वला घडी घालता घालता मला म्हणाली, "लक्ष्मणकाका, तुम्ही सगळं लिहिलंय ना? मग डिझाइनबद्दल काय लिहिलंत?"

मी घरी जाऊन इतिवृत्त काढलं. एकेचाळीस पानं. सव्वीस वेळा बंद-चालू आहे, अडतीस वेळा वाजलेली घंटी आहे, भजंसुद्धा आहे. साडीवर काय काढलं होतं, याबद्दल एक ओळ नाही. मी साडी मोजली होती, बघितली नव्हती. मला लाज वाटणारच होती, पण तेवढ्यात तुमची आठवण झाली. तुम्हीही इथपर्यंत आलात. तारा किती, वेग किती, गाठ कुणाची, सगळं तुम्हाला पाठ आहे. त्या पोरीने वर्षभर खपून काय काढलं होतं, वेल होती की मोर, हे एकदा तरी तुमच्या मनात आलं का? नसेल आलं तर संकोच करू नका. समितीत जागा आहे.