सोड्यांची चोरी आणि दोन कॅमेरे

केतनसारखा नातू वैऱ्याच्याही घरी जन्मू नये, असं सोनूबाईचं ठाम मत झालं होतं. मेला सकाळपासून ओट्यावर दोन कॅमेरे मांडून बसला होता! जेवायला हाक मारावी तर म्हणे, "थांब आजे, कंपेअर करतोय." कॅमेरे भाड्याचे. संध्याकाळी परत द्यायचे आणि त्यांतला कुठला लग्नांच्या शूटिंगच्या धंद्यासाठी विकत घ्यायचा ते ठरवायचं. पण ह्याचं ठरेल तर शपथ!

"दोन्ही काळेच हायेत. बघायचं काय त्यात?"

"फॉरमॅट वेगळाय, आजे. हा छोटा एव्हीसीएचडी. चित्र दाबून, बारीक करून भरतो. मोठा फोर-टू-टूवाला, फार दाबत नाही. कार्ड पटकन भरतं, पण केसन्‌केस दिसतो."

"म्हणजे एक सुकी मासळी, एक ओली. सुकी कमी जागेत मावते. मला आधी विचारलं असतंस तर एव्हाना जेवून झोपला असतास!"

आणि सोनूबाईला एकदम सुचलं. अंगणात खाटेवर वाळत घातलेले तिचे सोललेल्या कोळंबीचे सोडे रोज कमी होत होते. चोर कोण, ते तिला ठाऊक होतं. शेजारच्या कृष्णाबाईची ठिपक्यांची कोंबडी!

"लाव दोन्ही कॅमेरे खिडकीत! पुरावा मिळाला की रस्सा!"

"आणि माझी कोंबडी चोर नाय निघाली तर?" कुंपणापलीकडून कृष्णाबाई.

"तर सगळ्या आळीसमोर तिच्या पाया पडीन!"

दुपारभर सोनूबाईने जातीने राखण केली. मग आळी ओट्यावर मांडलेल्या टीव्हीसमोर जमली. आधी छोट्याचं चित्र. जास्त वेळ मावावं म्हणून केतनने ते आणखीच दाबलं होतं, त्यात खिडकीची जाळी. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं काहीतरी गोल खाटेशी येई, वाके, टिपे आणि जाई. पुन्हा येई!

"बघा! कोंबडी!" सोनूबाईने टाळी वाजवली. "मसाला वाटायला घ्या गं!"

"केवढी धिप्पाड कोंबडी!" तिचा नवरा चांगदेव म्हणाला.

"माझेच सोडे खाऊन झालीय!"

केतनने मोठ्याचं कार्ड लावलं. तपकिरी लुगडं. त्यावरचे ठिपके. मनगटावरचं गोंदण. "हुश्श! हुश्श!" करून रिकाम्या अंगणातून कोंबड्या हाकलणारी सोनूबाई, आणि दर हुश्शला खाटेवरून तोंडात जाणारी मूठ! ओठाला चिकटलेला सोड्याचा तुकडासुद्धा स्वच्छ दिसत होता. कोंबडी? ती खाटेखाली डोळे मिटून बसलेली. तिची पिसं मोजून घ्यावीत!

"आवाज पण काय झकास आलाय," चांगदेव म्हणाला. "कुर्रम कुर्रम!"

"मी चव बघत होते! मीठ लागलं का ते नको बघायला?"

"बघ हो," कृष्णाबाई म्हणाली आणि बगलेतून कोंबडी काढून ओट्यावर ठेवली. "पदर घे आधी डोक्यावर."

सोनूबाईने शब्द फिरवला, असं अख्ख्या पंचक्रोशीत कुणी म्हणालं नव्हतं. तिने पदर घेतला. गुडघे कुरकुरत वाकली. कोंबडीने मोठ्या मानाने एक पाय पुढे केला. तेवढ्यात डोक्यावरून केतनचा आवाज आला, "आजे, मान जरा इकडे वळव. क्लोजअप घेतो."

तिथूनच, कोंबडीच्या पायांवरून, सोनूबाईने निकाल दिला.

"छोटाच घे, केतन! लग्नाघरी कोण काय करतंय ते इतकं स्वच्छ दाखवलंस तर पुढचं काम कोण देणार हाय तुला? आणि तो मोठा आधी बंद कर, मेल्या!"