निशाणांची गळाभेट

"गुल्वेन, जरा जपून. बाई बघतायत," सरपंच आझेनोर हसरा चेहरा ठेवून दातांतल्या दातांत म्हणाल्या.

बाई शहरातल्या संग्रहालयाच्या. लानुएलचं जुनं मखमली निशाण गावात नीट राहतं का, हे त्या ठरवणार होत्या. नसेल, तर ते शहरात काचेच्या पेटीत जाणार. ते उचलण्याचा मान गुल्वेनच्या घराण्याचा.

संताच्या जत्रेला शेजारच्या केरवोझचं निशाण आलं, की वेशीवर दोन्ही निशाणांनी वाकून गळाभेट घ्यायची, अशी रीत. पुढे चॅपलपर्यंत ज्याचं निशाण जमिनीला टेकलं, त्या गावाची वर्षभर टर उडायची. नेमका वाकताना समुद्रावरून वारा आला आणि गुल्वेनची जरीची झालर केरवोझच्या निशाणाच्या आकड्यात गुंतली.

"मागे सर," गुल्वेन म्हणाला.

"तू सर. माझी मखमल फाटेल," पलीकडून केरवोझचं निशाण धरलेला एर्ले.

"आमची झालर तुझ्या पणजोबापेक्षा जुनी आहे."

"दिसतंय. कुजलीय पार."

कुणीतरी कात्री काढली, तर दोन्हीकडच्या बायका त्याच्या अंगावर धावल्या. दोघांनी जड दांडे पोटाशी घट्ट धरले.

"दमलास काय रे?" एर्लेनं विचारलं.

"मी? छे. तुलाच घाम फुटलाय."

शेवटी दोघं खेकड्यासारखे आडवे चालत, एकमेकांना शिव्या घालत चॅपलात शिरले. निशाणं भिंतीला टांगली गेली.

"कुणी हात लावायचा नाही," बाई कडाडल्या. "जुन्या कापडांचा जाणकार येईपर्यंत दोन्ही इथेच. अशी हलवणार कशी?"

गुल्वेनचा जीव भांड्यात पडला. पण केरवोझवाल्यांचा लानुएलवर काडीचा विश्वास नव्हता. दर रविवारी ते पहाऱ्याला येऊ लागले. आधी नुसते बसायचे, मग लोण्याचा केक आणि सफरचंदाची दारू आणू लागले. एर्ले छपराला नावं ठेवता ठेवता स्वतःच वर चढून गळती बुजवू लागला.

वसंतात जाणकार आला. त्यानं चिमट्यानं झालर अलगद सोडवली.

"तुमचं निशाण शहरात न्यायला उद्या गाडी पाठवते," बाई म्हणाल्या आणि जाणकाराला घेऊन निघून गेल्या.

गुल्वेन त्यांना गाडीपर्यंत सोडून आला. निशाणाला शेवटचं डोळे भरून बघावं, म्हणून चॅपलात शिरला. आत एर्ले शिडीवर चढून झालर पुन्हा आकड्यात अडकवत होता.

"बघतोस काय?" तो म्हणाला. "शिडी धर."