पंचवीस हिवाळ्यांची पिन

टिनेके एप्रिलमध्ये गेली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी तिचा नवरा हारमेन फेल्डकांप तिची स्कीच्या सहलीची फाइल उघडून जेवणाच्या टेबलाशी बसला. आमचा हॉलंड देश पोळपाटासारखा सपाट. त्यामुळे फेब्रुवारीत सुटी लागली की अर्धा देश गाडीच्या टपावर पेट्या चढवून ऑस्ट्रियाच्या डोंगरांकडे धावत सुटतो. बाकीचे नुसते धावतात, टिनेके मात्र त्या धावण्याचं नियोजन करायची. फाइलमध्ये अकरा पानं होती, प्रत्येक पान प्लास्टिकच्या पाकिटात. पेट्रोल कुठल्या पंपावर, स्वच्छ संडास कुठल्या थांब्यावर, उकडलेली अंडी दहा, बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या पेटीत सगळ्यात वर.

हारमेन एकाहत्तर वर्षांचा होता. या वेळी गाडी मुलगी योरीन चालवणार होती. एकदा शेवटचं तिथे जायचं, टिनेकेच्या आवडत्या उतारावरून खाली यायचं आणि मग पुरे, असं त्याने ठरवलं होतं. मग पुरे म्हणजे काय, हे त्याने योरीनला सांगितलं नव्हतं. त्यानंतरचं पान फाइलमध्ये नव्हतं आणि त्याच्याजवळही नव्हतं.

पहिल्या पानावरची पहिली ओळ होती, बुर्गीला फोन. बुर्गी ही हिंटरमोस गावातल्या त्यांच्या नेहमीच्या गेस्टहाउसची मालकीण. इतक्या वर्षांत ती अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आली होती.

"हारमेन, मी वाटच बघत होते. टिनेके कशी आहे?"

योरीनने मृत्यूची छापील पत्रं एकशे चाळीस जणांना धाडली होती, पण पत्ते घेतले होते खणातल्या वहीतून. बुर्गीचा पत्ता फक्त या फाइलमध्ये होता. सात महिन्यांत ती गेली हे वाक्य हारमेनला स्वतःच्या तोंडाने एकदाही म्हणावं लागलं नव्हतं. डॉक्टर बोलले, योरीन बोलली, पत्रं बोलली. आता त्याने तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते भलतंच.

"बरी आहे."

"छान. मग ऐक, आणि तिला यातलं काही सांगू नकोस. आमच्या गावाला येण्याची तुमची पंचवीस वर्षं पूर्ण झाली. सत्काराला गावचा महापौर येणार, बँड येणार, छातीवर लावायची सोन्याची पिन मिळणार. ती एकदम चकित झाली पाहिजे. सांगणार नाहीस ना?"

"नाही सांगणार," हारमेन म्हणाला. त्या फोनवर तो एवढं एकच खरं बोलला.

दुसऱ्या दिवशी सगळं सांगून मोकळं व्हायचं म्हणून त्याने पुन्हा फोन लावला.

"बुर्गी, टिनेकेबद्दल जरा सांगायचंय."

"काय झालं?"

"ती..." त्याने फाइलकडे पाहिलं. "तिला वरच्या मजल्यावर यायला जमणार नाही."

"गुडघे का?"

"हो," हारमेन म्हणाला आणि स्वतःवरच चिडला.

बुर्गीने तिथल्या तिथे तळमजल्याची खोली देऊन टाकली. ती एका बेल्जियन कुटुंबाने वर्षभर आधी घेऊन ठेवली होती. त्यांना तिने पोटमाळ्यावर चढवलं.

"दे बघू तिला फोन. कुठला गुडघा ते विचारते."

"झोपलीय ती."

"सकाळी अकरा वाजता?"

"हल्ली बराच वेळ झोपते."

"काळजी घे रे तिची," बुर्गी म्हणाली. हारमेनने फोन ठेवला आणि काळजी घ्यायला घरात कोणी नाही हे आठवून बराच वेळ स्वयंपाकघरात नुसता उभा राहिला.

आठवड्याने बुर्गीचं पार्सल आलं. दार योरीनने उघडलं. ती चाकांना साखळ्या लावण्याचा सराव करायला आली होती. रस्ता खडखडीत कोरडा होता, पण चौथ्या पानावर तसं लिहिलं होतं, आणि आमच्याकडे याचं कोणाला नवल वाटत नाही. पार्सलमध्ये डोंगरातल्या मार्मोट नावाच्या प्राण्याच्या चरबीचं मलम होतं, लोकरीचे दोन पट्टे होते आणि टिनेकेच्या नावाची चिठ्ठी होती.

"पपा, आईच्या गुडघ्याला काय झालंय?"

"काही नाही."

"ते मलाही माहितीये."

हारमेनने सगळं सांगितलं. योरीनने कपाळावर हात मारून घेतला.

"आत्ता फोन लाव आणि सांगून टाक."

"मला जमत नाहीये."

"त्यात जमायचं काय? आई वारली. दोन शब्द आहेत."

"मग तू सांग."

योरीनने तावातावाने फोन लावला. एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. तिचा आवाज हुबेहूब आईसारखा होता.

"हॅलो, बुर्गी..."

"टिनेके, सापडलीस एकदाची. किती दिवसांनी तुझा आवाज ऐकतेय गं."

योरीनने हारमेनकडे पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "हो ना."

पुढची दहा मिनिटं टिनेकेचा उजवा गुडघा दुखत होता, मलमाचा चांगला गुण येत होता आणि नवरा घरात काडीची मदत करत नव्हता. फोन ठेवून योरीन खुर्चीत कोसळली.

"मदत करत नाही हे कशाला सांगितलंस?" हारमेनने विचारलं.

"आई तेच सांगायची." आणि ती रडायला लागली. "इतकी खूश झाली रे ती. मला नाही सांगता आलं."

"दोन शब्द होते," हारमेन म्हणाला, आणि मग त्यालाही रडू आवरेना.

आता मात्र पंचाईत झाली. बाई स्वतः फोनवर बोलल्यानंतर ती एप्रिलमध्येच वारली असं कोणत्या तोंडाने सांगणार? योरीनने सुचवलं की या आठवड्यात गेली म्हणू.

"तिला दुसऱ्यांदा मारायचं?"

"मग सहल रद्द करू."

तेवढी एक सहल सोडली तर हारमेनच्या कॅलेंडरवर काहीही लिहिलेलं नव्हतं.

डिसेंबरात हिंटरमोसच्या पर्यटन कार्यालयाचा फॉर्म आला. आवडती धून कोणती, खाण्याचं काही पथ्य आहे का, काही विशेष गरजा आहेत का, आणि खाली दोघा सत्कारमूर्तींच्या सह्या. धून त्याने लिहिली. पथ्य नाही म्हणून लिहिलं. टिनेकेच्या सहीच्या जागेपाशी त्याचा हात अडला. फोनवर खोटं बोलून झालं होतं, पण तिचं नाव तिच्याऐवजी आपण लिहायचं हे त्याच्याने होईना. शेवटी त्याने विशेष गरजांच्या चौकोनात लिहिलं, "टिनेके ९ एप्रिलला वारली. बँड जरा हळू वाजवावा." योरीनला दाखवलं तर ती चार सुधारणा सुचवेल, म्हणून तो स्वतःच चालत जाऊन पत्र पेटीत टाकून आला.

पाचव्या दिवशी सकाळी बुर्गीचा फोन आला. फॉर्ममधली बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"हारमेन, मग माझ्याशी बोललं कोण?"

"योरीन."

बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. "गाढवा," ती शेवटी म्हणाली, "मला एक पत्र टाकता आलं नाही तुला? मी इथे चर्चमध्ये रोज तिच्या गुडघ्यासाठी मेणबत्ती लावतेय." हारमेनने माफी मागितली. तिने ती दिली नाही, पण खोली तशीच ठेवते म्हणाली.

दुपारी कार्यालयातल्या लेओनहार्ड नावाच्या कारकुनाचा फोन आला. योरीन तेव्हा टपावरची पेटी बसवायला आलेली होती.

"फेल्डकांपसाहेब, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. बाईंची पिन तयार आहे. आपल्या पिनबाबत मात्र अडचण आहे. आम्ही मुक्कामाच्या नोंदी मोजल्या. बाईंची पंचवीस भरतात, आपली चोवीस."

"चोवीस कशी? आम्ही दरवर्षी दोघं आलोय."

"२०११ साली बाई कन्येबरोबर आल्या होत्या. आपली नोंद नाही."

"माझं हर्नियाचं ऑपरेशन होतं."

"नोंदीत कारण नसतं." कारकून जरा घुटमळला. "येता फेब्रुवारी आपला पंचविसावा धरू, पण मुक्काम पुरा झाल्यावर. पिन त्याच्या पुढच्या वर्षी मिळेल. स्वतः हजर राहावं लागतं, आम्ही टपालाने पाठवत नाही. त्या यादीत आपलं नाव घालू का?"

एप्रिलपासून लोक हारमेनला आज जेवलास का एवढंच विचारत आले होते. त्याच्या पुढच्या वर्षाचं नाव कोणी काढलं नव्हतं, त्याने स्वतःही नाही. त्याला भरून आलं, आणि थोडा रागही आला, कारण टिनेके इथेही त्याच्या एक वर्ष पुढे निघून गेली होती.

"घाला," तो म्हणाला.

"काय म्हणतायत?" योरीनने दारातून विचारलं. "पिन देतायत ना?"

"तुझ्या आईला देतायत," हारमेन डोळे पुसत म्हणाला. "मला अजून एक वर्ष काढायला सांगितलंय."