ओट्यावरची विधान परिषद

अंबादासरावांच्या ओट्यावर बसायचं तर तुमचं वय तीस पूर्ण असायला लागायचं. थट्टा नाही करत. मी परंड्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, त्यांच्याच घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर टेकायला गेलो, तर त्यांनी माझं वय विचारलं. एकोणतीस वर्षं आणि चार महिने. "मग आठ महिने पायरीवर बसा," ते म्हणाले. बसलो बापडा. भाडेकरू माणूस, करतो काय.

हे गृहस्थ निजामाच्या काळात तहसील कचेरीत पेशकार होते. सगळी हयात उर्दू दफ्तरात गेली. मग निजाम गेला, उर्दू दफ्तर गेलं, पुढं हैदराबाद राज्यच मोडलं आणि आपला जिल्हा मुंबई राज्यात आला. कुर्डुवाडीच्या गाडीनं येणाऱ्या वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं, की मुंबईला दोन सभागृहं असतात. हैदराबादेत एकच होतं. त्या दिवशी हा माणूस घरात बारसं असल्यासारखा बाजारभर सांगत हिंडला. "खालचं पाच वर्षांनी बरखास्त होतं. वरचं कधीच न्हाय." न्हाव्यानं वस्तरा गळ्याशी धरलेला असला तरी हे वाक्य पुरं केल्याशिवाय ते गप्प बसायचे नाहीत.

बरं, नुसतं सांगून थांबतील ते अंबादासराव कसले. त्यांनी ओट्यावर स्वतःची विधान परिषदच काढली. वयाची तिशी ही त्या वरच्या सभागृहाचीच अट; रचनाही तोंडपाठ होती: एक तृतीयांश आमदारांनी निवडायचे, एक तृतीयांश नगरपालिका वगैरे मंडळींनी, सहावा हिस्सा राज्यपालांनी नेमायचा, राहिला त्यात बारावा हिस्सा पदवीधरांचा आणि बारावा शिक्षकांचा. आता हे सगळं चार माणसांत बसवायचं म्हणजे काय खेळ आहे का?

शेजारचे गफूरभाई शिंपी नगरपालिकेच्या शिपायांचे कोट शिवायचे, म्हणून ते नगरपालिकेकडून आले. आमदार म्हणजे समोरच्या हॉटेलातली मंडळी. अंबादासरावांनी रस्त्यातूनच आपलं नाव पुकारलं आणि अनुकूल कोण ते विचारलं. हॉटेलवाल्यानं त्याच वेळी दोन चहा सांगायला दोन बोटं वर केली. दोन मतं धरली गेली आणि अंबादासराव निवडून आले. पुढं सभापतीही तेच झाले.

शिक्षकांतर्फे, तिशी भरल्यावर, मी. शाळेतले बाकीचे मास्तर फिरकलेच नाहीत, त्यामुळं उमेदवार मी आणि मतदारही मीच. तरी मतदान गुप्त पाहिजे म्हणून मला कोठीच्या खोलीत कोंडलं. मोजणीला दहा मिनिटं लागली, आणि खोटं कशाला बोलू, मला धाकधूक झाली. पदवीधर आमच्या गल्लीत कुणी नव्हताच. ती जागा रिकामी, तिचा पाट रोज मांडलेला. त्यावर कुत्रं बसलं की सभापती देवघरातली घंटी वाजवायचे.

राहिली राज्यपालांची नेमणूक. एक दिवस त्याचा कागद आला. अक्षर अंबादासरावांचंच होतं. नाव होतं अक्कांचं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. अठराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि त्या भावाकडं आल्या. तेव्हापासून आत, ओट्याकडच्या खिडकीशी बसून वाती वळायच्या. रस्त्याकडच्या ओट्यावर त्या कधी बसल्या नव्हत्या. त्या काळी बसायचीच नाही विधवा बाई अशी चारचौघांत. कागद बघून त्या म्हणाल्या, लोक काय म्हणतील? अंबादासरावांनी तो कागद गल्लीभर फिरवला. राज्यपालांचा हुकूम आहे, न्हाय कसं म्हणायचं, असं घरोघर विचारून आले. लोक पोट धरून हसले आणि त्या हसण्यात कुणी हरकत घ्यायची राहून गेली. मीही हसलो होतो. अक्कांना खुर्ची मिळाली. उपसभापती व्हायला गफूरभाई तयार होईनात, म्हणून तेही पद अक्कांकडंच आलं.

दोन वर्षं मोठी मजेत गेली. गाडी उशिरा का येते, चौकातला कंदील कोण पुसणार, यावर आम्ही घसा कोरडा होईस्तोवर भांडलो. हॉटेलातून आलेला चहासुद्धा फेरविचारासाठी दोनदा परत पाठवला. अक्का आधी पदराआडून बोलायच्या, मग नुसत्या बोलायला लागल्या.

आणि मग सभापतींनी जाहीर केलं, की दोन वर्षं झाली, नियमाप्रमाणं एक तृतीयांश सदस्य निवृत्त होणार, पहिल्या खेपेला चिठ्ठी टाकून. चौघांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक आणि एक तृतीयांश माणूस. गफूरभाईंनी कात्री काढून विचारलं, की तो तुकडा कुणाचा कापायचा? सभापतींनी निर्णय दिला, की तुकडा बसूनच राहील, जाईल ते अख्खं माणूस.

आम्ही हसलो. अक्का हसल्या नाहीत. त्या पदरानं खुर्चीचा हात पुसत होत्या, पुसलेलाच पुन्हा पुसत होत्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी निवृत्त झालो तर पायरीवर बसेन, गफूरभाई दुकानात बसतील. अक्कांचं नाव निघालं तर त्या परत खिडकीत जातील, आणि गल्ली दुसऱ्यांदा हसून सोडून देणार नाही.

मी अंबादासरावांना बाजूला घेऊन म्हणालो, अक्कांची चिठ्ठी टाकू नका. "नियम म्हंजी नियम, मास्तर," ते म्हणाले. मला त्यांचा असा संताप आला, की वाटलं खोलीच सोडावी.

तंबाखूच्या डबीत चार चिठ्ठ्या पडल्या. गफूरभाईंनी डोळे मिटून एक काढली आणि माझ्या हातात दिली. मी वाचलं, अंबादासराव. ते उठले, सभागृहाला नमस्कार केला आणि घरात गेले. आपल्याच ओट्यावर त्यांना आता बसता येत नव्हतं. निवृत्त सदस्य, करता काय. पोटनिवडणूक आठ दिवसांनी.

आता सभेचं काम उपसभापतींकडं. अक्कांनी घंटी हातात घेतली आणि आम्हाला कळलं, की आजवरचे सभापती फारच मवाळ होते. गफूरभाईंना त्यांनी एका संध्याकाळी तीनदा खाली बसवलं. आतून अंबादासराव नियम सांगायला लागले, तर घंटी वाजवून म्हणाल्या, खिडकीतल्या माणसानं सभागृहात बोलायचं नाही. हॉटेलातली माणसं चहा टाकून बघायला आली.

पोटनिवडणुकीच्या चिठ्ठ्यांसाठी मला ती डबी लागली. आत जुन्या तीन चिठ्ठ्या तशाच होत्या. सहज उलगडल्या. अंबादासराव. अंबादासराव. अंबादासराव.

मी आत गेलो. ते अक्कांच्या जागी, खिडकीशी बसले होते. वाती वळायचा प्रयत्न चालला होता, एक धड जमली नव्हती. मी चिठ्ठ्या पुढं ठेवल्या. त्यांनी चिठ्ठ्यांकडं बघितलंही नाही.

"मास्तर, ह्या खिडकीची वरची झडप कायम लावलेली," ते म्हणाले. "इथनं माणसांचे नुसते पाय दिसतात. माझी बहीण चाळीस वर्षं पायच बघत बसली. म्या रोज बाहेर बसायचो, मला ठाऊकच न्हाय."

बाहेर घंटी वाजली. गफूरभाई पुन्हा खाली बसले असणार. सभेची वही मीच लिहायचो, म्हणून विचारलं, की चिठ्ठ्यांचं काय लिहू?

"वगळा," अंबादासराव म्हणाले. "कामकाजातनं वगळा."

मी वगळलं. पुढं अक्का होत्या तोवर दर दोन वर्षांनी डबी निघायची आणि दर वेळी अंबादासरावच निवृत्त व्हायचे. आठ दिवस खिडकीत बसून पुन्हा निवडून यायचे. गफूरभाई चिठ्ठी माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "काय नशीब आहे सभापतीसाबांचं." म्हणताना ते माझ्याकडं कधी बघायचे नाहीत.