चंद्रहासपंतांस पिस्तूल द्यावे की न द्यावे, याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सव्वीस, तारणनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी, मुक्काम अल् घुब्रा, शहर मस्कत, मुलूख ओमान, येथे जो रणप्रसंग गुदरला तो जैसा घडला तैसा, पदरचा मीठमसाला न लावता, येथे लिहिला असे. पुढे जो कोणी सायकलीवर बैसेल त्याने आधी हे वाचावे आणि मग पायडलावर पाय ठेवावा.

राजश्री चंद्रहासपंत मेहेंदळे, मूळ राहणार पुणे, पेठ नारायण, हे एका बांधकाम कंपनीत नकाशे आखण्याचे कामी बारा वर्षे रुजू होते. बारा वर्षे खुर्चीत बैसून पंतांचा मुलूख, विशेषेकरून पोटाकडील सुभा, बहुत विस्तारला, आणि आश्विनात रक्त तपासले तो उपाशीपोटी साखर दोनशे बारा निघाली. मग हकीम, जे केरळ प्रांतीचे असून बोलणे मोजके करीत, त्यांनी फर्मान काढिले की तीन मास सायकल चालवावी, पौषात पुनश्च रक्त द्यावे, आणि साखर दीडशेचे खाली न उतरल्यास रोज सकाळी पोटावर सुई टोचून घ्यावी. पंत एरवी कोणास हार जाणारे नव्हेत, परंतु सुई म्हटली की त्यांचे डोळे पांढरे होत. सबब त्यांनी एक जुनी सायकल पैदा केली, आणि दर शुक्रवारी, जो या मुलुखी सुट्टीचा वार, त्या दिवशी उजाडताच निघून समुद्रकाठच्या रस्त्याने अल् हैल पावेतो सहा कोसांची मोहीम मुक्रर केली.

अल् हैलास शरीफभाई मुकादम राहत. हे रत्नागिरीकडील, खिडक्या-दारे बसविणारे, पंतांचे दहा वर्षांचे स्नेही. त्यांचे कुटुंब सुरैयाभाभी यांचा शिरस्ता ऐसा, की दारी आलेला मनुष्य रिकाम्या पोटी आणि रिकाम्या हाती परत जाऊ देणे नाही. आता येथे एक गुह्य लिहिणे प्राप्त आहे. पंतांचे घरी मासळी वर्ज्य होती. सौभाग्यवती सुचित्राबाई यांनी लग्नाचे पहिलेच वर्षी तह करविला होता की आजवर मित्रांबरोबर बाहेर खाल्ले ते खाल्ले, येथून पुढे बंद, आणि पंतांनी तो तह एकोणीस वर्षे इमानाने पाळिला. तो अल् हैलास, रव्यात घोळून तळलेल्या सुरमईचे पहिल्या तुकडीस, एका घासात मोडला.

मग दर शुक्रवारी ऐसे चालू जाहले, की पंतांनी भाभींचे घरी तांदळाची भाकरी आणि दोन तुकड्या खाव्या, भाभींनी आणखी चार तुकड्या स्टीलच्या डब्यात घालून द्याव्या, पंतांनी तो डबा खोगिराखालच्या पिशवीत पान्यांजवळ दडवावा, आणि घुब्र्याचे अलीकडे एका बाभळीखाली बैसून चारही फस्त करून, डबा समुद्रात विसळून, मूठभर बडीशेप चावून, अंगी केवळ व्यायामाचा घाम आहे ऐसे मुद्रेने घरी यावे. भाभींस नको म्हणणे हा उपाय होता, परंतु तो पंतांचे मनास एकदाही शिवला नाही.

ऐसियास बाभळीचे अलीकडे एक वादी लागे. वादी म्हणजे कोरडी नदी, वर्षातून एखादे वेळी वाहणारी. त्या वादीत आठ कुत्र्यांची फौज तळ देऊन होती, आणि तिचा सरदार एक पिवळा, फाटक्या कानाचा कुत्रा, ज्यास पंतांनी पुढे पिवळोजी ऐसे नाव दिले. कार्तिक वद्यात एके शुक्रवारी वारा समुद्राकडून होता, आणि त्या वाऱ्याने तळणीची खबर छावणीत नेली. मग एकच हलकल्लोळ होऊन आठही जणांनी पंतांचे पिछाडीवर हल्ला केला. पहिले शुक्रवारी पंतांची चप्पल रणात पडली. दुसरे शुक्रवारी पिवळोजीने पाटलोणीचा पायच फाडिला, आणि पंत अर्धी पोटरी उघडी टाकून घरी दाखल जाहले.

सुचित्राबाईंनी ती पाटलोण पाहिली आणि मटकन खाली बसल्या. कारण कुत्रा चावला तर पोटात चौदा इंजेक्शने, ही गोष्ट आपल्या लोकांत लहानपणापासून ऐकिवात असते, वैद्यक पुढे कितीही जावो. ती गोष्ट पंतांसही ठाऊक होती. तेव्हा पंतांची अवस्था इकडे आड तिकडे विहीर ऐसी जाहली. सायकल सोडावी तर हकिमाची सुई, सायकल धरावी तर कुत्र्याच्या चौदा, आणि डबा सोडावा तर सुरमई जाते. यांतील शेवटले दुःख पंतांस सर्वांत थोर वाटले, परंतु ते कोणास सांगण्याजोगे नव्हते.

मग गुरुवारी सांजवेळी पंतांचे दिवाणखान्यात सोफ्यावर खलबत बैसले. शरीफभाई मुद्दाम आले. खालच्या मजल्यावरील राजश्री गुरुदत्त नाडकर्णी, जे एसीचे पत्रे बसविण्याचे कामात असून कॉलेजात असता एनसीसीत पाच गोळ्या झाडल्याने तोफखान्याचे जाणकार समजले जात, तेही हजर जाहले. पंतांची कन्या मधुवंती, इयत्ता नववी, इंडियन स्कूल, ही शेजारी अभ्यासाचे निमित्ताने बैसली. आणि प्रश्न ऐसा निघाला, की सायकलस्वाराने रक्षणार्थ बंदूक बाळगावी किंवा न बाळगावी.

गुरुदत्तरावांनी प्रथम बाजू मांडिली, की घोडेस्वार कधी बिनहत्यारी निघाला काय, आणि सायकल हा घोडाच नव्हे काय, आणि जनावर नळी पाहताच गार होते. इतके बोलून त्यांनी पिशवीतून एक काळे पिस्तूल काढून टीपॉयवर ठेविले. ते दिवाळीत मिरजेहून आणलेले टिकल्या उडवायचे पिस्तूल आहे, ऐसे कळल्यावर सर्वांनी श्वास सोडिला.

शरीफभाईंनी ते हाती घेऊन पाहिले आणि परत ठेविले. म्हणाले, "गुरुदत्तभाय, माझा अर्बाब, म्हंजे मालक, इथलाच, त्याच्याकडं शिकारीची बंदूक हाय, तिचं लायसन हाय, नि तो पण ती कपाटात कुलूप लावून ठेवतो. आपण पोटासाठी आलेली माणसं. पोलिसानं लांबून हे बघितलं तर तो काय टिकली हाय का गोळी हाय ते विचारत बसंल? पासपोर्टवर शिक्का, नि खलास." मग पंतांकडे वळून, मिशीत हसून, आणखी म्हणाले, "नि चंद्रहासभाय, कुत्रा कुणाच्या पाठी उगाच लागत नाय. त्याला काय पायजे ते बघ की जरा."

हे ऐकून पंतांस खोकल्याची मोठी उबळ आली, आणि ते पाणी पिण्यास स्वयंपाकघरात गेले.

कन्या मधुवंतीने मसलत दिली, "बाबा, इट्स सो सिली. तुम्ही दुसरा रोड घ्या ना." परंतु दुसरा रस्ता म्हणजे हमरस्ता, तेथे मोटारी ताशी सव्वाशेने जात, सबब ती मसलत नामंजूर जाहली. अखेर सुचित्राबाईंनी फैसला दिला, की पिस्तूल खरे असो वा खोटे, या घरातून बाहेर जाणार नाही, आणि उद्याचा शुक्रवार अखेरचा. उद्या कुत्रे आले तर सायकल वॉचमनला देण्यात येईल, आणि पंतांनी साखर उतरवायला चार मजले जिना चढउतार करावा. जिना अल् हैलास जात नाही, हे पंतांचे ध्यानी आले, आणि त्यांस त्या रात्री नीट झोप लागली नाही.

शुक्रवारी, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, सूर्योदयी पंत कूच करते जाहले. जिन्याचे तळाशी गुरुदत्तराव लुंगीवर उभे होते. त्यांनी चहूकडे पाहून पिस्तूल पंतांचे हाती दिले आणि कानाशी लागून म्हणाले, "घ्या हो. वहिनींना कोण सांगतंय?" आणि पंत, ज्यांनी बारा वर्षांत लाल सिग्नल कधी मोडिला नव्हता, त्यांनी ते पिस्तूल शर्टाखाली कमरेस खोचिले.

तेव्हापासून पंतांस सुख नाही. जाताना कुत्रे निजले होते, परंतु पंतांस आता कुत्र्यांचे भय नव्हते, कमरेचे भय होते. विमानतळामागील वळणावर पोलिसांची गाडी सामोरी आली. शिपायाने काच खाली केली आणि हसून "सबाह अल् खैर", म्हणजे सुप्रभात, म्हटले. पंतांनी दोन्ही हातांनी हँडल ऐसे आवळिले की घंटी आपोआप वाजली. गाडी गेली तरी पंत पाव कोस पोट आत घेऊन चालले होते. हत्यार जवळ असता मनुष्य निर्भय होतो ऐसे गुरुदत्तराव म्हणत, परंतु गुरुदत्तराव स्वतः सायकल चालवीत नसत.

अल् हैलास सुरैयाभाभींनी वर्तमान ऐकून चाराऐवजी आठ तुकड्या भरल्या. "लढाईला चाललास ना भावा, मग उपाशी कशाला?" इतकेच म्हणाल्या. पंतांनी मान खाली घालून डबा घेतला.

परत येता वादीपाशी वारा फिरला, आणि पिवळोजी फौजेसह टेकाडावरून उतरला. पंतांनी सायकल थांबविली, एक पाय जमिनीस टेकिला, कमरेचे पिस्तूल उपसले आणि चाप ओढिला. परंतु मस्कतची समुद्रकाठची हवा दमट, तीत मिरजेच्या टिकल्या महिनाभर सादळलेल्या. पहिली टिकली फुस्स म्हणाली. दुसरी काहीच म्हणाली नाही. तिसरीने टप् ऐसा बार केला, तो पिवळोजी पुढले पाय टाकून, कान उभारून बैसला आणि शेपूट हलवू लागला. त्यास हा खेळ वाटला. बाकीचे सात जण पिशवी हुंगू लागले.

तेव्हा पंतांचे सर्व शौर्य सरले. त्यांनी डबा काढिला, क्षणभर त्याकडे पाहिले, आणि जड अंतःकरणाने झाकण उघडून आठही तुकड्या वाळूत ओतून दिल्या. आठ शत्रूंनी आठ तुकड्या घेतल्या. कोणी कोणावर गुरगुरला नाही. पंत म्हणतात, आपल्या कंपनीच्या बिर्याणीसही ऐसी शिस्त त्यांनी पाहिली नव्हती. मग संधी साधून पंतांनी पिस्तूल कमरेस खोचून पलायन मांडिले, आणि घाईत डबा रणांगणी राहिला.

परंतु फत्ते जाहली तीच पंतांस भोवली. मागे पाहतात तो आठही जण दौडत येत आहेत, चार उजवीकडे, चार डावीकडे, सरदाराच्या स्वारीबरोबर हुजुरात चालावी तैसे, आणि पिवळोजीचे तोंडात सुरैयाभाभींचा डबा. पंतांनी हाड् म्हटले, अरबीत यल्ला म्हटले, खलास म्हटले, शेवटी हात जोडिले. फौज हटेना. ऐसे मिरवत स्वारी इमारतीचे फाटकापाशी पावली. सुचित्राबाई गॅलरीत उभ्या होत्या, त्या धावत खाली आल्या. पिवळोजीने पुढे होऊन तो डबा त्यांचे पायाशी ठेविला.

बाईंनी डबा उचलून हुंगला. "सुरमई?"

"हो," पंत म्हणाले.

"मार्गशीर्षात?"

यावर पंतांनी मान खाली घातली, तो वाकताच कमरेचे पिस्तूल निसटून फरशीवर पडले. वरून गुरुदत्तरावांची खिडकी हळूच बंद जाहली.

मग पंतांनी डबा, बाभूळ, बडीशेप, सर्व कबूल केले. बाई रागावतील ऐसे पंतांस वाटले होते. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट जाहले. "मासे खाल्लेत त्याचं काही नाही," त्या म्हणाल्या. "मी तीन शुक्रवार त्या गॅलरीत उभी आहे. फोन वाजला की वाटतं, तुम्ही रस्त्यात पडलात म्हणून कोणीतरी सांगतंय. आणि तुम्ही झाडाखाली बसून काटे काढत होतात." पंतांस तेसमयी बहुत लाज वाटली. कुत्र्यापुढे न आलेले पाणी त्यांचे डोळ्यांस तेथे आले, आणि "चुकलो," इतका एकच शब्द ते बोलू शकले.

मग तेथेच फाटकापाशी, आठ कुत्रे साक्षीस असता, नवा तह ठरला. सायकल वॉचमनला देऊ नये. पंतांनी मासळी अल् हैलास उघडपणे खावी, मार्गशीर्ष आणि श्रावण वगळून, आणि सुचित्राबाई सुरैयाभाभींस स्वतः फोन करून तेल कमी घालण्याविषयी कळवतील. पिस्तूल गुरुदत्तरावांनी परत घ्यावे आणि पुढील दिवाळीपर्यंत तोंड बंद ठेवावे. आणि डब्यातील एक चौथाई वादीकरांस बिनतक्रार पावावी, मार्गशीर्ष आणि श्रावणात तिचे जागी भाकरी. ज्यांचे पूर्वज साऱ्या हिंदुस्थानातून चौथाई वसूल करीत, त्यांचा वंशज आता ती फाटक्या कानाच्या सरदारास देऊ लागला, यात कोणास कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

पौषात रक्त दिले, साखर एकशे अडतीस निघाली. हकिमांनी कागद पाहून "गुड" इतकेच म्हटले. सुईची मोहीम रद्द जाहली.

येणेप्रमाणे वादीची लढाई फत्ते होऊन दाखल केली असे. मूळ प्रश्नाचा निकालही लागला तो ऐसा, की सायकलस्वाराने हत्यार बाळगू नये, डबा बाळगावा, आणि त्यात काय आहे ते घरी सांगून निघावे. सुचित्राबाई अद्याप दर शुक्रवारी गॅलरीत उभ्या राहतात. रस्त्याचे टोकास आधी आठ शेपट्या दिसतात, मग पंत दिसतात, आणि मग त्या आत जाऊन चहाचे आधण ठेवितात.