स्टँड लागला की वीर संपला

वामनकाका नव्या माणसाला भेटले की आधी त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत. कोपराकडे बघतात. मग गुडघ्याकडे, आणि तो चपला काढायला वाकला की कमरेकडे. नाव-गाव त्यानंतर.

मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा माझ्या काखेत वळकटी होती आणि हातात बारावीची मार्कशीट. पेणच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, खोली हवी होती. आमच्या घरात मिठागराच्या पलीकडे कोणी काही शिकलेलं नव्हतं, त्यामुळे मी ती मार्कशीट न मागता सगळ्यांना दाखवत असे. काकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"खाली बस," ते म्हणाले. मी बसलो.

"आता ऊठ." उठलो.

"गुडघा चांगला हाय. खोली घे."

आतून सुलूकाकू म्हणाल्या, "अवो, त्याचं नाव तरी इचारा!"

रामवाडीतल्या त्या खोलीत मी पदवीधर होईपर्यंत राहिलो. काकूंच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या नसत्या तर अर्थशास्त्र माझ्या डोक्यात शिरलं असतं असं मला वाटत नाही. आता मी रोह्याला एका कंपनीत नोकरी करतो, तिथेच जवळ वरश्याला राहतो, आणि रविवारी जमेल तसा पेणला जातो. त्या घराचं माझ्यावर ऋण आहे, तेव्हा काकांविषयी थट्टेने लिहिताना मला थोडं जड जातं. पण काकांविषयी गंभीरपणे लिहून पाहिलं, ते जमलं नाही.

लोकांच्या घरी दर्शनी कपाटात चांगल्या कपबश्या असतात. काकांच्या कपाटात सुपरहिरो आहेत. वीतभर उंचीचे, प्लास्टिकचे, अंगावर घट्ट कपडे आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाची काळजी. काका रोह्याच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर शेजाऱ्यांनी एक मोडका खेळण्यातला वीर दुरुस्तीला आणून दिला. काकांनी त्याचा खांदा उघडला. आत खोबणीत एक गुळगुळीत गोळा बसवलेला होता, आणि त्यामुळे हात चारी दिशांना फिरत होता. "येवढ्याशा खांद्यात येवढी अक्कल!" म्हणून काका जे गुंतले ते गुंतलेच.

या वीरांच्या कथांशी त्यांना काही देणंघेणं नाही. एकही सिनेमा त्यांनी पाहिलेला नाही. ते सगळ्यांना 'गडी' म्हणतात आणि सांध्यांवरून ओळखतात. हा दुहेरी कोपराचा गडी, हा आखडलेल्या मानेचा, हा घोटा न वळणारा. मी एकदा सांगायला गेलो की काका, हा आकाशातून उडत येऊन जगाला वाचवतो. काका म्हणाले, "मान वळत नाय याची. जग कुठं हाय ते दिसणार कसं याला?"

नवा गडी आला की त्याची परीक्षा ठरलेली. आधी वजन. मग साच्याच्या दोन अर्ध्यांच्या जोडाची रेघ कुठून गेली ते. मग मान, खांदा, कोपर. कोपर एका खिट्टीवर असेल तर हात काटकोनात थांबतो, दोन खिट्ट्या असतील तर मूठ खांद्याला टेकते. मग कंबर, गुडघा आणि शेवटी घोटा. घोटा बाजूला झुकला पाहिजे, नाहीतर पाय फाकवून उभा केला की गडी तळव्याच्या कडेवर डुगडुगतो. आणि सगळ्यात शेवटी मुख्य गोष्ट, आधाराशिवाय उभा राहतो का? खोक्यात बरेचदा एक पारदर्शक स्टँड येतो, वीराची कंबर धरून ठेवणारा. काका तो आधी फेकून देतात. "स्टँड लागला की वीर संपला," हे त्यांचं ब्रीद.

ही परीक्षा कपाटापुरती राहिली असती तर बरं. पण काका ती गावभर घेतात. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत रामवाडीत आले. काकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि ते पुढच्या दाराकडे वळताच मोठ्याने म्हणाले, "कंबर बघ! पूर्ण गोल फिरते. पुढच्या वेळी दुसऱ्या पक्षातून येनार." ते खरंच आले. माझ्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा मुलगा कांदेपोहे खात असताना काका खाली वाकून त्याचे घोटे बघत होते. मी माझ्या साहेबांबद्दल तक्रार केली तर म्हणाले, "त्याला कशाला दोष देतोस? त्याची मान फक्त वरखाली व्हते. नाय म्हनायला आडवी फिरायला लागते, तो सांधाच दिला नाय."

आणि हे सगळं कुठे, तर पेणमध्ये. इथे गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने, शाडूचा आणि रंगाचा वास, आणि हजारो हात एकाच आशीर्वादाच्या जागी कायमचे थांबलेले. सुलूकाकू तर मूर्तिकारांच्याच घरातल्या. भावाच्या कारखान्यात त्या डोळ्यांची आखणी करत. मूर्ती सगळी रंगवून झाल्यावर शेवटी डोळे काढायचे, ते काम. बारीक कुंचला, एक श्वास, एक रेघ. तोवर माती असते, मग ती बघायला लागते. पेणमध्ये ते काम कोणाच्याही हाती देत नाहीत.

"आमचा देव एका जागी बसून आशीर्वाद देतो," काकू म्हणत. "त्याला तुमच्या गड्यांसारखं कोपर फिरवावं लागत नाय."

काकूही गड्यांची परीक्षा घेत, पण फक्त डोळ्यांची. काकांनी फार कौतुकाने आणलेला एक गडी त्यांनी उजेडात धरला आणि परत दिला. "एक डोळा पेनला, एक रोह्याला. हा कोनाला वाचवनार?"

काका सांधे बघत, काकू डोळे. संसार असा चालला होता.

गेल्या वर्षी काकू कारखान्यात ओल्या फरशीवरून घसरल्या आणि उजवं कोपर मोडलं. प्लास्टर लागलं, निघालं, पण कोपर आखडलं ते सुटेना. हात ना सरळ होई, ना पुरता वाके. डॉक्टरांनी काकांना समोर बसवून व्यायाम दाखवला. एक हात कोपराच्या वर, एक खाली, रोज शेकून हळूहळू वाकवायचं. आता नाही सुटलं तर मग कायमचं तसंच, असंही सांगितलं. गणपती तीन-चार महिन्यांवर होते. भावाने काकूंच्या पाटावर दुसऱ्या एका मुलीला बसवलं. त्याचाही इलाज नव्हता, माल थांबत नाही.

मला वाटलं, काका आहेत तर काळजी नाही. आखडलेला सांधा म्हणजे काकांचा प्रांत. पण काकांनी त्या कोपराला हातच लावला नाही. रोज सकाळी पाणी गरम करून देत, टॉवेल देत, आणि कपाटासमोर जाऊन बसत.

"तूच कर गो," म्हणत. "तुला कळंल किती दुखतं ते."

स्वतःचा हात स्वतः किती वाकवणार? दुखलं की काकू थांबत. एकदा मी गेलो असताना त्या डाव्या हाताने भाकरी थापत होत्या. भाकरी कोकणच्या नकाशासारखी झाली होती. मला म्हणाल्या, "बाहुल्यांचे हात दिवसभर धरून बसतात. माझा नाय धरवत." हसून म्हणाल्या, पण तव्याकडे बघत.

त्याच सुमारास आमच्या साहेबांना कळलं की मी काकांना ओळखतो. साहेबही संग्राहक निघाले. त्यांच्या वरश्याच्या फ्लॅटमध्ये भिंतभर वीर होते, पण सगळे बंद खोक्यात. खोकं उघडलं की किंमत उतरते, असं ते म्हणाले. एका रविवारी मी त्यांना रामवाडीला घेऊन गेलो. साहेबांनी मोठ्या मनाने एक उघडलेला वीर सोबत घेतला होता, लाल झग्याचा, स्टँडसकट.

"बाकीचे?" काकांनी विचारलं.

"खोक्यात असतात."

"कधीच भायेर नाय?"

"नाही. त्यातच त्यांची व्हॅल्यू असते."

काका मला म्हणाले, "फ्रीजमधला वडा."

मग तुलना सुरू झाली. साहेब रंग, कापडी झगा आणि चेहऱ्याची ठेवण यावर बोलत होते, काका खिट्ट्यांवर. साहेबांचा वीर दिसायला काकांच्या सगळ्या गड्यांपेक्षा देखणा होता, हे मलाही कबूल करावं लागलं. काकांनी मान डोलावली, वीर हातात घेतला आणि अलगद स्टँडवरून काढून टेबलावर उभा केला. वीर क्षणभर उभा राहिला. मग टाचांवर डुलला आणि झग्यासकट साहेबांच्या पोह्यांत तोंडावर पडला.

"झगा जड हाय," काका नम्रपणे म्हणाले. "घोटा नाय."

साहेबांच्या मिशीला राग चढला. वीराच्या नाकातलं खोबरं पुसत ते उठले आणि त्यांनी कपाटातला एक गडी उचलला. "तुमच्याही सगळ्यांचे सांधे कुठे चालतात? याचं कोपर बघा, जाम आहे. अहो, जोर लावायचा, सुटतं!" आणि त्यांनी त्याचा हात दाबला.

"सोडा!" काका ओरडले. "सोडा तो हात! मोडंल!"

मी काकांना इतक्या वर्षांत ओरडताना ऐकलं नव्हतं. साहेबांच्या हातातून गडी निसटला. काकांनी तो झेलला, आणि उभे होते तिथेच खाली बसले. चहाचा ट्रे डाव्या हातावर तोलत काकू दारात आल्या होत्या.

"येवढं काय झालं?"

काका गड्याच्या कोपराकडे बघत बोलायला लागले. साहेब आहेत, मी आहे, याचं त्यांना भान नव्हतं. "तुझं प्लास्टर निघालं ना, त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या चांगल्यातल्या चांगल्या गड्याचं जाम झालेलं कोपर सोडवाया घेतलं. म्हटलं, आधी यावर हात बसंल. गरम पाण्यात ठेवलं, सगळं बरोबर केलं. जरासाच जोर लावला गो. खिट्टी तुटली. हात सुटून माझ्या हातात आला." हातातल्या गड्याच्या कोपरावर अंगठा फिरवत ते म्हणाले, "त्याचा दुसरा आनता येतो."

साहेबांनी वीर झग्यात गुंडाळला आणि रिक्षा मिळेल का विचारू लागले.

काकूंनी ट्रे टेबलावर ठेवला. ओच्याला हात पुसला. मग काकांच्या समोर फरशीवर बसल्या आणि ते आखडलेलं कोपर त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मी काय पलॅस्टिकची हाय?" त्या म्हणाल्या. "धरा. आणि दुखलं तर मी बोंब मारीन. तुमच्या गड्यांना ती सोय नाय."

त्या दिवसापासून रामवाडीत सकाळी बोंब ऐकू येऊ लागली. शेजारी आधी धावून येत, मग सवय झाली. काकू शिव्या घालत, काका "झालं, झालं, हळू हाय" म्हणत. काका रडत होते असं शेजारचे सांगतात. काका म्हणतात, शेकायच्या पाण्याची वाफ.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मी आमच्या घरचा गणपती न्यायला पेणला गेलो. मी त्या घरात राहायला आल्यापासून आमच्या मूर्तीचे डोळे काकूच काढत. या वेळी मी तो विषयही काढणार नव्हतो. पण काकूंनी निरोप पाठवला होता: तुमचा बाप्पा ठेवलाय, डोळे बाकी हायत.

कारखान्यात गर्दी होती. गाड्या लागल्या होत्या, पोरं मूर्ती उचलत होती, काकूंचा भाऊ कोणावर तरी खेकसत होता. एका कोपऱ्यात पाटावर काकू बसल्या होत्या, समोर आमचा गणपती. कोपर आता वाकत होतं, पण हात डोळ्यांच्या उंचीवर नेऊन धरला की थरथरायचा. आणि आखणीत थरथर चालत नाही.

म्हणून शेजारी काका बसले होते. एक गुडघा जमिनीला, दुसरा उभा, त्यावर स्वतःचं कोपर टेकवलेलं आणि तळहात वर करून पसरलेला. त्या तळहातात काकूंचं कोपर ठेवलेलं होतं. काका हलत नव्हते. मान, खांदा, काही नाही. नाकावर सोनेरी रंगाचा ठिपका पडला होता, त्यावर माशी बसली होती.

मला राहवलं नाही. "काका," मी हळूच म्हणालो, "स्टँड?"

ओठ न हलवता ते म्हणाले, "गप. हलंन मी."

काकूंनी श्वास धरला. एक रेघ. कुंचला बुडवला. दुसरी रेघ. मग त्या मागे सरल्या आणि डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"अवो, बघा जरा. एक पेनला, एक रोह्याला नाय ना गेला?"

"नाय गो," काका म्हणाले. "सरळ बघतोय."

ते मूर्तीकडे बघतच नव्हते.

काकूंनी भावाला हाक मारली, "अजून एक दे रे इकडं." दुसरी मूर्ती आली, मग तिसरी. पाटावर बसवलेली मुलगी शेजारी कुंचले धुऊन देत होती. मी आमचा गणपती मांडीवर घेऊन थांबलो, कारण काकांना सोडून जावंसं वाटेना.

शेवटी काकूंनी कोपर उचललं, तेव्हा काकांचा तळहात तसाच राहिला. बोटं वाटीसारखी वळलेली, मिटेनात की उघडेनात. त्यांनी खांदा हलवून पाहिला, तोही आखडलेला. काकूंनी कुंचला खाली ठेवला, तो हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि एक बोट धरून सरळ करायला लागल्या.

"हळू गो," काका कळवळून म्हणाले. "जोर लावू नको."